शहराचे सांडपाणी आणि शेतकऱ्याचे हित

भिवंडी शहराच्या हद्दीत कामतघर येथे वऱ्हाळा देवीचा मोठा तलाव आहे. काठावर देवीचे मंदिर आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याचा काही वाटा या तलावातून घेण्यात येतो. शहर वाढत गेले, यंत्रमागांचे कारखाने उभे राहिले, चाळी व इमारती झाल्या आणि तलावाच्या परिसरात दाट वस्ती झाली. २००१ साली भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या पुढे गेल्याचे आढळून आले. एवढ्या लोकवस्तीस पाणी पुरविणे हे जसे नगरसंस्थेचे कर्तव्य आहे, तसेच वापरलेले पाणी सुरक्षितपणे बाहेर नेणे हेही तिचेच कर्तव्य आहे. पहिल्या कामाकडे सर्वांचे लक्ष असते, कारण नळ कोरडा राहिला की घरोघर कळते. दुसऱ्या कामात कुचराई झाली तर ती शहरात तितकीशी जाणवत नाही. तिची झळ नाल्याच्या व नदीच्या खालच्या अंगास शेती करणाऱ्यास प्रथम लागते.

म्हणून सांडपाणी शुद्धीकरण केंद्र हा केवळ शहराचा प्रश्न आहे असे शेतकऱ्यांनी समजू नये. हे केंद्र कसे आखतात, त्यासाठी पैसा कोठून येतो व ते कशाने बंद पडते, याची माहिती शेतकरी बांधवांनाही असणे अवश्य आहे.

सांडपाणी किती निघते?

योजनेचा आरंभ मोजमापापासून होतो. भुयारी गटारे असलेल्या शहरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरण्याचा प्रघात आहे. त्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी स्वयंपाकघर, न्हाणी व शौचालय यांवाटे बाहेर पडते. म्हणजे दर माणशी सुमारे १०८ लिटर सांडपाणी झाले. पन्नास हजार वस्तीच्या गावाचे हे पाणी दररोज ५४ लाख लिटर होते. भिवंडीसारख्या सात लाखांवर वस्तीच्या शहरास हेच माप लावल्यास रोजचा आकडा साडेसात कोटी लिटरांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात पुरवठा कमी-अधिक असतो, म्हणून नाल्यांतील व गटारांतील प्रवाह वेगवेगळ्या ऋतूंत व दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजून हा आकडा पडताळून पाहावा लागतो. सकाळी प्रवाह सर्वांत मोठा असतो व मध्यरात्रीनंतर तो अगदी क्षीण होतो.

या पाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाणीच असते. उरलेल्या अल्प भागात कुजणारी सेंद्रिय द्रव्ये, साबण, क्षार, नत्र, स्फुरद, पालाश, रोगजंतू व जंतांची अंडी असतात. कुजणारी द्रव्ये किती आहेत हे ठरविण्यासाठी, ती कुजविताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो ते प्रयोगशाळेत मोजतात. आपल्याकडे ही तपासणी २७ अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस ठेवून करण्यात येते. घरगुती मैलापाण्यास दर लिटरला सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम व शेतजमिनीवर सोडावयाच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅम अशी ठरविण्यात आली आहे. शुद्धीकरण केंद्राचे काम काय, हे या तीन आकड्यांवरून ध्यानात येईल.

तलावाची गोष्ट वेगळी का?

वाहत्या नदीत पडलेली घाण पुढे जाते व वाटेत हवेचा संपर्क येऊन थोडीफार कुजून शुद्ध होते. तलावाचे पाणी मात्र स्थिर असते. त्यात जे पडते ते तेथेच साचते. मैलापाण्यातील नत्र व स्फुरद ही पिकांची खते आहेत, तशीच ती शेवाळाची व जलपर्णीचीही खते आहेत. हे पाणी तलावात उतरू लागले की हिरवा थर वाढतो, रात्री पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात व तळाशी काळा गाळ साचतो. पुढे सांडपाणी थांबविले तरी गाळात साठलेले स्फुरद पाण्यात उतरतच राहते. यास्तव कामतघरसारख्या ठिकाणी पहिले काम म्हणजे तलावाकडे वळणारे प्रत्येक गटार अडवून दुसऱ्या बाजूस वळविणे होय. मोठे केंद्र पूर्ण होईपर्यंत थांबण्याचे त्यास कारण नाही. हे काम तुलनेने अल्प खर्चाचे आहे व त्याचा लाभ लवकर दिसू लागतो.

शहराचे नाले अखेर कामवारी नदीस व खाडीस मिळतात. पावसाळ्यात नदीस भरपूर पाणी असल्याने घाणीचे प्रमाण कमी भासते. परंतु नोव्हेंबर ते मे या काळात नैसर्गिक प्रवाह आटतो आणि पात्रात बहुतांशी शहराचे सांडपाणीच उरते. भाजीपाल्यास व वालास पाण्याची गरज नेमकी याच काळात असते. प्रश्नाची खरी गाठ येथे आहे.

शुद्धीकरणाच्या पायऱ्या

केंद्रात येणारे पाणी प्रथम लोखंडी गजांच्या जाळीतून जाते. चिंध्या, प्लास्टिक, लाकूड इत्यादी वस्तू तेथे अडतात. नंतर अरुंद चरात प्रवाहाची गती कमी करून वाळू व खडे खाली बसू देतात, अन्यथा ते पंपाची पाती झिजवितात. त्यापुढे बऱ्याच केंद्रांत निवळण टाकी असते. तीत जड मैला तळाशी बसतो व तेल, चरबी वर तरंगते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची होय. शेणखताच्या खड्ड्यात जे काम जिवाणू करतात, तेच काम येथे पाण्यात करवून घेण्यात येते. पाण्यात हवा सोडली की जिवाणू झपाट्याने वाढतात व विरघळलेली घाण खाऊन त्यांचे पुंजके बनतात. हे पुंजके दुसऱ्या टाकीत खाली बसतात व वरचे पाणी स्वच्छ निघते. बसलेल्या गाळाचा काही भाग पुन्हा पहिल्या टाकीत सोडतात. विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे. इंग्लंडातील मँचेस्टर येथे अर्डर्न व लॉकेट या दोघांनी १९१४ साली ही रीत प्रसिद्ध केली आणि पुढे ती जगभर पसरली. अलीकडे एकाच टाकीत पाणी भरणे, हवा देणे, निवळू देणे व वरचे पाणी काढून घेणे ही कामे आळीपाळीने करणारी पद्धत आपल्या राज्यातही पुष्कळ ठिकाणी स्वीकारण्यात आली आहे. तीस जागा कमी लागते, परंतु वीज व कुशल माणूस अखंड लागतो.

शेवटी क्लोरिन अथवा अन्य उपायांनी जंतुनाश करून पाणी बाहेर सोडतात. वेगळा काढलेला गाळ कुजवून व वाळवून खतासाठी तयार करण्यात येतो.

कोणती पद्धत निवडावी?

पद्धत निवडताना केवळ यंत्राच्या किमतीकडे पाहून चालत नाही. जमीन, वीज व मनुष्यबळ या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. उष्ण प्रदेशात उथळ तळ्यांची एक साधी पद्धत उपयोगी पडते. सांडपाणी एकामागून एक अशा तळ्यांतून संथपणे फिरविल्यास ऊन, शेवाळ व जिवाणू यांच्या साह्याने ते शुद्ध होते. तिला वीज जवळजवळ लागत नाही आणि जंतांची अंडी तळाशी बसून जाण्याच्या दृष्टीने ही पद्धत फार चांगली आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागात शहराच्या सांडपाण्यावर मत्स्यतळी व शेती दीर्घकाळ चालत आली आहे. २००२ साली त्या क्षेत्राची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली.

या पद्धतीस जमीन मात्र पुष्कळ लागते. पन्नास हजार वस्तीच्या गावाचे ५४ लाख लिटर पाणी तळ्यांत पंधरा दिवस ठेवावयाचे झाल्यास ८१,००० घनमीटर साठा हवा. दीड मीटर खोली धरली तर सुमारे साडेपाच हेक्टर पाणक्षेत्र होते. बांध व रस्ते यांची जागा वेगळीच. कामतघरसारख्या दाट वस्तीच्या भागात एवढी जमीन मिळणे अशक्यप्राय आहे. तेथे यंत्राची पद्धतच स्वीकारावी लागते. मात्र तालुक्याच्या लहान गावांनी, गावाबाहेर स्वस्त जमीन अद्याप उपलब्ध असताना, तळ्यांचा विचार अवश्य करावा. आज राखून ठेवलेली जमीन उद्याच्या विजेच्या देयकात बचत करील.

भुयारी गटारे आधी, केंद्र मागाहून

पुष्कळ योजनांत एक दोष आढळून येतो. केंद्र मोठ्या डौलाने उभे राहते, परंतु त्याकडे पाणीच येत नाही. घरांच्या जोडण्या झालेल्या नसतात, काही ठिकाणी नळ टाकण्यास जागा मिळत नाही, तर काही घरे जुन्या सेप्टिक टाक्यांवरच विसंबून राहतात. पुरेसे मैलापाणी न मिळाल्यास केंद्रातील जिवाणूही जगत नाहीत. म्हणून आखणीत पुढील क्रम ठेवणे इष्ट ठरते.

१. जमिनीच्या उताराप्रमाणे शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाचे पाणी कोठे जमा होते ते ठरवावे.
२. मुख्य नळ, पंपगृह व केंद्र यांच्या कामाबरोबरच गल्लीतील नळ व घरजोडण्या यांचे काम हाती घ्यावे.
३. जेथे नळ टाकणे शक्य नाही, तेथील सेप्टिक टाक्यांचा मैला ठरावीक मुदतीने टँकरने उपसून केंद्रावर आणण्याची व्यवस्था असावी. हा मैला नाल्यात ओतण्यास सक्त मनाई हवी.
४. पावसाच्या पाण्याची गटारे पूर्णपणे वेगळी ठेवावीत.

चौथी गोष्ट कोकणपट्टीत विशेष महत्त्वाची आहे. जुलै महिन्यातील एका मुसळधार सरीचे पाणी मैलानळात शिरले तर कित्येक पटींनी वाढलेला प्रवाह केंद्रातील सर्व जिवाणू वाहून नेतो. ते पुन्हा वाढण्यास अनेक दिवस जातात. खाडीलगतच्या सखल भागात भरतीचे खारे पाणी फुटक्या नळांतून आत शिरण्याचाही धोका असतो. मीठ कोणत्याही जिवाणूस खाता येत नाही. ते जसेच्या तसे बाहेर पडून शेतात पोचते. म्हणून नळांचे सांधे पक्के असणे हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे.

कारखान्यांचे पाणी वेगळे हवे

भिवंडी हे यंत्रमागाचे मोठे केंद्र आहे. कापड विणण्यास पाणी फारसे लागत नाही, परंतु सुतास खळ देणे, कापड धुणे, विरंजन करणे व रंगविणे यांस ते बरेच लागते. खळीचे पाणी कुजणारे असते. रंगाईच्या पाण्यात रंगद्रव्ये, सोडा, मीठ व क्वचित धातूंचे अंश असतात. असे पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळल्यास दोन हानी होतात. एक म्हणजे जिवाणू दुबळे होतात अथवा मरतात. दुसरी हानी अधिक गंभीर आहे. सोडियमयुक्त पाणी वारंवार दिल्याने जमिनीतील मातीचे कण सुटे होऊन भोके बुजतात, जमीन ओली असता चिखलासारखी व वाळल्यावर विटेसारखी होते, निचरा थांबतो. एकदा बिघडलेली जमीन सुधारण्यास जिप्सम, मुबलक गोडे पाणी व अनेक वर्षांचे श्रम लागतात.

म्हणून अशा कारखान्यांनी आपले पाणी आपल्या आवारात अथवा सामुदायिक केंद्रात शुद्ध करूनच पुढे सोडले पाहिजे. पाण्याच्या प्रदूषणास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला व त्यानुसार १९७० साली राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ सालचा आहे. कायदा जुना आहे, त्याची अंमलबजावणी जागरूकतेने होणे मात्र दररोजचे काम आहे.

योजनेस मंजुरी कशी मिळते?

मोजमाप, नकाशे, पातळ्या व पद्धतीची निवड झाल्यावर सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करतात. त्यात लोकसंख्येची पुढील तीस वर्षांची वाढ, नळांचे आराखडे, जमिनीची उपलब्धता, अंदाजपत्रक व देखभालीचा खर्च दाखवावा लागतो. नळ जमिनीत गाडलेले असल्याने ते दीर्घ मुदतीच्या वाढीस पुरतील असे घालतात. केंद्र मात्र टप्प्याटप्प्याने वाढविता येते, म्हणून पहिल्या टप्प्यात सर्व टाक्या बांधून पैसा अडकवून ठेवण्याचे कारण नसते. पुढील टप्प्याची जागा तेवढी मोकळी राखावी. नगरसंस्थेचा ठराव, तांत्रिक व प्रशासकीय मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि निविदा या क्रमाने काम पुढे जाते. तांत्रिक बाबतीत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे साह्य मिळते. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेली व आज राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था या विषयात संशोधन करीत आली आहे.

बांधकामाचा निधी

बांधकामासाठी बहुधा तीन ठिकाणांहून पैसा उभा राहतो, तो म्हणजे केंद्र सरकारचे अनुदान, राज्य सरकारचे अनुदान व नगरसंस्थेचा स्वतःचा हिस्सा. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत अभियानात दहा लाखांपर्यंत वस्तीच्या शहरांच्या प्रकल्पांस निम्मा खर्च केंद्राने देण्याचे ठरले होते. एक लाखांवर वस्तीची शहरे त्यात घेण्यात आली. २०२१ साली जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांसाठी केंद्राचा वाटा एकतृतीयांश ठेवण्यात आला. एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांसाठी सांडपाण्याची सोय त्याच वर्षी स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात करण्यात आली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी, दहा लाखांवरील नागरी समूह वगळता इतर नगरसंस्थांस दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता या कामांसाठीच बांधून ठेवली.

नगरसंस्थेचा हिस्सा तिच्या उत्पन्नातून अथवा कर्जातून येतो. महानगरपालिकांच्या कायद्यात मलनिःसारणासाठी व त्याच्या लाभासाठी मालमत्ता कराबरोबर वेगळा कर बसविण्याची तरतूद आहे. हा कर लोकांस जाचक वाटतो, परंतु त्याचे कारण नीट समजावून सांगितले व कामाची प्रगती दिसत राहिली तर लोक तो देण्यास तयार होतात.

केंद्र चालविण्याचा खर्च

बैलजोडी कर्ज काढून घेता येते, वैरण मात्र रोज आपल्या पदरची घालावी लागते. शुद्धीकरण केंद्राचेही तसेच आहे. बांधकामास अनुदान मिळते. वीज, क्लोरिन, पंपांची दुरुस्ती, गाळाची वाहतूक, तपासणी व कामगारांचे वेतन यांचा खर्च मात्र दरमहा येतो व तो शहरानेच सोसावयाचा असतो. अमृत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रकल्पात निदान पाच वर्षांच्या देखभालीची व्यवस्था असावी व तिचा खर्च वापर आकारातून अथवा अन्य उत्पन्नातून भागवावा, असे स्पष्ट म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात दिलेल्या निर्णयात, नगरसंस्थांनी केंद्रे उभारण्यासाठी व चालविण्यासाठी निधी कसा उभा करावयाचा याचे नियम ठरवावेत, असे सांगितले.

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पन्नास हजार वस्तीच्या गावात दहा हजार कुटुंबे आहेत व केंद्राचा वार्षिक खर्च १ कोटी २० लाख रुपये आहे असे समजा. प्रत्येक कुटुंबाने महिन्यास १०० रुपये दिले तर खर्च बरोबर भागतो. निम्म्याच कुटुंबांनी दिले तर त्यांच्यावर २०० रुपयांचा बोजा पडतो, नाहीतर निम्मा खर्च अंगावर येतो. असे झाले की प्रथम हवा देणारी यंत्रे रात्री बंद ठेवण्यात येतात, कारण विजेचा मोठा वाटा त्यांवरच खर्च होतो. मग जिवाणू मरतात. नंतर नादुरुस्त पंप तसाच पडून राहतो. अखेर बाहेरून केंद्र सुस्थितीत दिसते आणि नाल्यात पूर्वीचेच काळे पाणी वाहते. केंद्र बांधणे हे अर्धे काम आहे, ते रोज चालते ठेवणे हे खरे काम आहे. ज्या योजनेत दरमहा खर्च कोण देणार याचे उत्तर बांधकामापूर्वी लिहिलेले नाही, ती योजना अपुरी समजावी.

शुद्ध पाण्याचे मोल

या खर्चाचा काही भाग शुद्ध केलेल्या पाण्याच्या विक्रीतून भागू शकतो. नागपूर महानगरपालिकेच्या भांडेवाडी येथील सांडपाण्यातून शुद्ध केलेले दररोज १३ कोटी लिटर पाणी कोराडी येथील औष्णिक वीज केंद्राच्या उपयोगासाठी देण्याची योजना महानिर्मिती कंपनीबरोबर करण्यात आली. वीज केंद्राची गरज भागली व तेवढे गोडे पाणी अन्य उपयोगासाठी मोकळे झाले. पुण्यात मुंढवा येथे जॅकवेल बांधून शहराचे शुद्ध केलेले पाणी जुन्या कालव्यात सोडण्याची व हवेली, दौंड, इंदापूर या भागांतील शेतीस देण्याची योजना आखण्यात आली. वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट पाणी देण्याचे तीत ठरले होते. या पाण्याच्या प्रतीबद्दल शेतकऱ्यांनी वेळोवेळी तक्रारीही केल्या आहेत. पाणी किती मिळते याबरोबरच ते कसे मिळते हे पाहणे किती अगत्याचे आहे, याचा धडा त्यातून घ्यावा. भिवंडीत कापड धुण्यास, रंगाईस, बांधकामास व बागांस असे पाणी वापरता येईल आणि उरलेले उन्हाळी शेतीस देता येईल.

पिकास किती लाभ?

पन्नास हजार वस्तीच्या गावाचे ५४ लाख लिटर, म्हणजे ५,४०० घनमीटर पाणी रोज मिळाले असे धरू. उन्हाळी भाजीपाल्यास दररोज सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ६० घनमीटर पाणी लागते. पाटातील व शेतातील नाश धरून १०० घनमीटर द्यावे लागले तरी या पाण्यावर ५४ हेक्टर भाजीपाला पिकेल. ठिबक पद्धतीने हे क्षेत्र आणखी वाढेल, मात्र त्यासाठी पाणी चांगले गाळून घ्यावे लागते.

खताचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. शुद्धीकरणानंतर दर लिटरला २० मिलिग्रॅम नत्र उरले तर वरील पाण्यातून रोज १०८ किलो नत्र शेतात जाते. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्या हिशेबाने ४५ किलोंची पाच पोती युरिया रोज पाण्याबरोबर वाहत येतो. हा लाभ नाल्यात सोडून देणे म्हणजे खत विकत घेऊन खाडीत टाकण्यासारखेच आहे.

तथापि येथेच सावध राहिले पाहिजे. एका हेक्टरास रोज १०० घनमीटर पाणी दिल्यास २ किलो नत्र पडते व शंभर दिवसांच्या पिकास २०० किलो होते. भेंडीसारख्या पिकास हेक्टरी सुमारे १०० किलो नत्र पुरते. दुप्पट नत्र मिळाल्यास पालेवाढ फार होते, फळधारणा उशिरा होते व मावा, तुडतुडे यांचा उपद्रव वाढतो. म्हणून अशा पाण्यात निम्मे विहिरीचे गोडे पाणी मिसळावे अथवा आळीपाळीने दोन्ही पाणी द्यावे आणि वरून नत्रखत देऊ नये.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची खबरदारी

१. शुद्ध न केलेले मैलापाणी कोणत्याही भाजीस देऊ नये. कोथिंबीर, मुळा, पालक, काकडी, टोमॅटो इत्यादी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सुचविलेली मर्यादा अशी की, १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील जिवाणू १,००० पेक्षा अधिक नसावेत व एका लिटरमध्ये जंतांचे अंडे एकाहून अधिक नसावे. या मापाचे पाणी नसेल तर चारा, गवत, फुलझाडे व वनवृक्ष यांसाठीच त्याचा उपयोग करावा.

२. पाणी वर्षातून निदान दोनदा, हिवाळ्याच्या आरंभी व उन्हाळ्यात, प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. आम्ल-विम्ल निर्देशांक, विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण व उरलेला सोडियम कार्बोनेट या चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. विद्युतवाहकता २,२५० मायक्रोम्होपेक्षा अधिक अथवा उरलेला सोडियम कार्बोनेट दर लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक आढळल्यास ते पाणी शेतीस वापरू नये.

३. पाणी फवाऱ्याने न देता सरीतून द्यावे. काढणीपूर्वी काही दिवस ते बंद ठेवावे. पाणी देणाऱ्या माणसांनी पायात गमबूट घालावेत, काम संपल्यावर हातपाय साबणाने धुवावेत व लहान मुलांस पाटात खेळू देऊ नये.

४. गाळखत चांगले कुजलेले व वाळलेलेच घ्यावे. शहरी कंपोस्टासाठी शासनाने ठरविलेल्या मर्यादेनुसार एका किलोत कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा व शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. तपासणीचा दाखला पाहिल्यावाचून गाळ स्वीकारू नये. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या शहरात ही दक्षता विशेष घ्यावी.

५. पावसाळ्यात कोकणातील भातास हे पाणी देण्याचे कारण नाही. पावसाचे पाणी मुबलक असते आणि अधिक नत्राने भात लोळतो.

शेतकरी व नागरिक यांनी काय करावे?

केंद्राच्या खालच्या अंगास असलेल्या गावांनी आपली पाणी वापर संस्था स्थापन करावी. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांनी सिंचनाची व्यवस्था एकत्रितपणे पाहण्याचा मार्ग दाखवून दिलेला आहे. त्याच धर्तीवर संस्थेने नगरसंस्थेशी लेखी करार करावा. त्यात पाण्याचे दैनिक प्रमाण, प्रत, दर व प्रत बिघडल्यास कोणी काय करावयाचे हे स्पष्ट असावे. केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर दरमहा लावले जातील अशी अट घालावी.

शहरातील रहिवाशांनी घरजोडणी घेण्यास टाळाटाळ करू नये, चिंध्या व प्लास्टिक गटारात टाकू नये आणि मलनिःसारणाचा आकार वेळेवर भरावा. त्या आकाराच्या मोबदल्यात केंद्र दिवसरात्र चालते काय, हे विचारण्याचा हक्कही त्यांनी बजावावा.

ज्या कुटुंबाने कामतघरात नळ उघडून भांडी घासली, त्याच्या ताटातील भाजी कदाचित शहराचेच पाणी पिऊन वाढलेल्या मळ्यातून आलेली असेल. शहराने घातलेली घाण अशा रीतीने शहराच्याच पानात परत येते आणि शहराने शुद्ध करून दिलेले पाणीही तसेच निरोगी अन्न होऊन परत येते. यांपैकी काय परत यावे हे केंद्राच्या बांधकामापेक्षा त्याच्या रोजच्या देखभालीवर ठरते. म्हणून लहान-मोठ्या प्रत्येक नगरसंस्थेने आपल्या योजनेच्या पहिल्याच पानावर दरमहाचा खर्च व तो भागविण्याची तरतूद लिहावी आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी ते पान आधी वाचावे.